शिंकांवरची गोळी आणि वारसाचा रकाना

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या ३८ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. नऊ वर्षांपासून त्यांना ॲलर्जीची सर्दी आहे. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, पाण्यासारखं गळणारं नाक, टाळूला खाज. पावसाळा सरताना त्रास वाढतो. रोज रात्री सेट्रिझिन ही ॲलर्जीवरची गोळी घेऊन झोपतात. मध्यंतरी डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला होता. ‘तीन-चार दिवसांत काहीच फरक नाही, शिवाय ते स्टेरॉइड’ म्हणून तो सोडला. आता त्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांनी एका नव्या अँटिहिस्टामाइन (ॲलर्जी आवरणाऱ्या) गोळीच्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत, याल का, असं विचारलं आहे. चार आठवडे, पाच फेऱ्या, तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचा खर्च मिळणार. गट तीन: नवी गोळी, जुनी प्रचलित गोळी आणि प्लासिबो, म्हणजे आत औषध नसलेली पण दिसायला हुबेहूब गोळी. यजमान म्हणतात, नवं औषध फुकट मिळतंय तर घे. सासूबाईंनी संमतीपत्रात वारसाच्या नावाचा रकाना पाहिला आणि ‘शिंकांपायी जिवाशी खेळ कशाला’ म्हणून दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत. वाचक विचारतात: ‘सासऱ्यांच्या आजारपणात या डॉक्टरांनी आमच्यासाठी खूप केलं. त्यांना नाही कसं म्हणू? आणि हो म्हटलं आणि माझ्या वाट्याला नुसतीच गोळी आली, तर ती फसवणूक नाही का? सोमवारपर्यंत सांगायचं आहे.’

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, प्रश्न औषधाचा आहे. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, औषधाबद्दल तुम्ही जेमतेम दोन ओळी लिहिल्या आहेत. बाकी सगळं पत्र डॉक्टरांना काय वाटेल, यजमान काय म्हणतात, सासूबाई किती घाबरल्यात याबद्दल आहे. तुम्हाला स्वतःला काय हवंय, ते त्यात सापडत नाही. शिंका थांबायला हव्या आहेत, की एका नव्या औषधाची पारख व्हायला मदत करायची आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्यांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीवर, मी काही वर्षं बसले आहे. अशा कमिटीत किमान सात जण लागतात. त्यात कायदा जाणणारा एक, निदान एक स्त्री आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक साधा माणूस असावाच लागतो. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. तो साधा माणूस म्हणजे मी. संमतीपत्राचा मराठी मसुदा वाचायचा आणि ‘हे आमच्या सोसायटीतल्या काकूंना कळेल का?’ असं विचारत राहायचं, हे माझं काम. म्हणून आधी सासूबाईंनी बोट ठेवलेल्या रकान्याबद्दल बोलते.

तुमच्या गोळीत काही भयंकर आहे म्हणून तो रकाना आलेला नाही. आपल्याकडे नव्या औषधाच्या ट्रायलच्या संमतीपत्रात भाग घेणाऱ्याचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव, पत्ता, नातं हे सगळं विचारलं जातं. औषध कॅन्सरचं असो वा शिंकांचं, रकाने तेच. ट्रायलमध्ये इजा झाली, माणूस दगावला आणि घरच्यांच्या हाती काहीच पडलं नाही, अशा तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०१३ मध्ये नियम कडक झाले आणि पुढे २०१९ च्या नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायल नियमांत ते पक्के झाले. भरपाई कुणाला द्यायची हे आधीच कागदावर असावं, म्हणून वारसाचं नाव. ज्या ओळीने सासूबाईंची झोप उडवली, ती घरच्यांच्या बाजूने लिहिलेली ओळ आहे, हे त्यांना शांतपणे सांगा.

पण त्यांच्या भीतीला उडवून लावू नका. ‘शिंकांच्या गोळीने कुणाला काय होतंय?’ असं यजमान म्हणत असतील, तर त्यांना टर्फेनाडीनची गोष्ट सांगा. झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी म्हणून १९८५ पासून अमेरिकेत ती जोरात खपली. तोवरच्या गोळ्यांनी माणूस दिवसभर पेंगायचा, त्यामुळे लोकांना ती वरदानच वाटली. १९९० मध्ये ३९ वर्षांच्या एका बाईची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती टर्फेनाडीन घेत होती आणि जोडीला बुरशीवरचं किटोकोनाझोल. तिच्या हृदयाचे ठोके इतके बिघडले की ती बेशुद्ध पडायची. मग उलगडा झाला. टर्फेनाडीन पोटात गेलं की यकृत त्याचं जवळजवळ लगेच दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं आणि ॲलर्जीवर खरं काम तो दुसरा पदार्थ करतो. किटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिनसारखं औषध यकृताचं हे काम अडवतं. मग मूळ टर्फेनाडीन रक्तात साचतं आणि हृदयाच्या विजेच्या तालात ढवळाढवळ करतं. १९९८ पर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. आणि ज्यात त्याचं रूपांतर व्हायचं, तो निरुपद्रवी पदार्थ आज आपण फेक्सोफेनाडीन म्हणून औषधाच्या दुकानातून आणतो.

शिंकांच्या ट्रायलमध्ये ईसीजी का काढतात, असं तुम्ही कुठे विचारलं नाहीत, पण तुमच्या पाच फेऱ्यांत तो बहुधा असेलच. असेल तर त्यामागे हा इतिहास आहे. आणि म्हणूनच तुम्ही जे काही पोटात घेता ते सगळं तिथे सांगायचं. थायरॉइडची गोळी, मध्येच घेतलेलं अँटिबायोटिक, वैद्यांचा काढा, मैत्रिणीने दिलेलं चूर्ण, सगळं. ‘एवढं काय सांगायचं’ म्हणून जे गाळलं जातं, नेमकं तेच घात करू शकतं. बरं, बाजारात आलेल्या औषधातही असा धोका पाच वर्षांनी उमगला, मग ट्रायलमधल्या गोळीत तो मुळीच नसेल अशी खात्री कोण देणार? कुणीही नाही. धोका लहान असू शकतो. तो किती आहे आणि आधीच्या टप्प्यांत किती माणसांनी ही गोळी घेतली आहे, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

आता डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं ते.

आपल्याकडे उपकाराचं ओझं लोक पिढ्यान्‌पिढ्या वाहतात. सासऱ्यांना त्या डॉक्टरांनी रात्री-अपरात्री पाहिलं असेल, ते विसरायचं नाहीच. पण तेव्हा ते तुमचे डॉक्टर होते. ट्रायलबद्दल बोलताना ते दुसऱ्या भूमिकेत असतात, संशोधकाच्या. डॉक्टर म्हणून त्यांना एकच विचार करायचा असतो: या बाईला कशाने बरं वाटेल? संशोधक म्हणून त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा: ही गोळी काम करते का? चांगल्या माणसालाही या दोन खुर्च्यांवर एकाच वेळी बसता येत नाही. आणि समोरच्या रुग्णाला तर दोन खुर्च्या दिसतही नाहीत. त्याला आपले ओळखीचे डॉक्टर तेवढे दिसतात. संशोधनालाच आपला उपचार समजण्याच्या या चुकीला १९८२ मध्ये पॉल ॲपलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाव दिलं, उपचाराचा गैरसमज. तुमच्या यजमानांचं ‘नवं औषध फुकट मिळतंय’ हे त्याचंच घरगुती रूप आहे.

नवी गोळी जुनीपेक्षा सरस आहे हे अजून कुणाला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर ट्रायल कशाला केली असती? शिवाय तीन गट आहेत. नवी गोळी तुमच्याच वाट्याला येईल असं कुणी ठरवू शकत नाही, डॉक्टर तर नाहीच. संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करतो, आणि कुणाला काय मिळालं हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यांनाही. कुठल्या गटात पडण्याची शक्यता किती, हे मात्र संमतीपत्रात लिहिलेलं असलंच पाहिजे. ते पान उघडून बघा. आणि चार आठवडे झाले की गोळी बंद. नंतर ती दुकानात मिळायला किती काळ लागेल, मिळेल का, काही सांगता येत नाही. फुकटाच्या आशेने जाणाऱ्याची इथे निराशा होण्याचीच शक्यता जास्त.

सही केली की अडकलो, असंही तुमच्या पत्रावरून तुम्हाला वाटत असावं. तसं नाही. ट्रायलच्या मध्यावर, कारण न सांगता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये. हे संमतीपत्रात छापलेलं असतं. डॉक्टर मनाने चांगले असतील तर तुमच्या ‘नाही’ने ते दुखावणार नाहीत. दुखावले, तर ती गोष्ट आत्ताच कळलेली बरी.

प्लासिबोबद्दल तुम्ही ‘फसवणूक’ हा शब्द वापरलात. तो मला लागला, कारण कमिटीत सुरुवातीला मीही हाच शब्द वापरला होता. पण फसवणूक म्हणजे न सांगता केलेली गोष्ट. इथे तर आधीच स्वच्छ सांगतात की तिघांपैकी एका गटाला औषध नसलेली गोळी मिळेल आणि तिच्यापासून कुठल्याही गुणाची अपेक्षा ठेवू नका. मग ती द्यायचीच कशाला? हे तुमच्या आजारातच दडलेलं आहे. ॲलर्जीच्या सर्दीसारखा लहरी आजार दुसरा नाही. तुम्ही पुण्यातल्या आहात, रिकाम्या प्लॉटवर, नदीकाठी, टेकडीच्या पायथ्याशी माजणारं गाजरगवत तुम्हाला सांगायला नको. आपल्या देशात १९५० च्या दशकात ते आधी पुण्यातच नोंदलं गेलं. पावसाळ्याच्या शेवटाला त्याची पांढरी फुलं येतात तेव्हा शिंका वाढतात. एखादी जोरदार सर आली की हवेतले परागकण खाली बसतात आणि नाक आपोआप मोकळं होतं. त्या आठवड्यात दिलेली कुठलीही गोळी गुणकारी ठरेल, खडूचीसुद्धा. त्यात भर म्हणजे कुणीतरी आपली रोज विचारपूस करतंय, या जाणिवेनेही बरं वाटतं. अशा ट्रायलमध्ये प्लासिबो घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा त्रास खरोखर कमी झालेला दिसतो. पावसाचं आणि आशेचं श्रेय वजा करून गोळीचं स्वतःचं काम किती, हे कळायला तो तिसरा गट लागतो.

हे मोजतात कसं, तेही सांगते. शिक्षिका म्हणून तुम्हाला ते आवडेल. नाक गळणं, नाक चोंदणं, शिंका आणि खाज, या चारांना रोज सकाळ-संध्याकाळ ० ते ३ गुण द्यायचे. शून्य म्हणजे त्रास नाही, तीन म्हणजे असह्य. बेरीज जास्तीत जास्त १२. सगळी ट्रायल या बेरजेवर उभी असते. रक्ताच्या तपासणीत शिंका मोजता येत नाहीत, त्यामुळे तुम्ही डायरीत लिहाल तो आकडाच पुरावा. म्हणून डॉक्टरांच्या भिडेखातर आत आलेला माणूस ट्रायलच्या कामाचा नसतो. तो डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून दोनाच्या जागी एक लिहितो. चार दिवसांची डायरी फेरीच्या आदल्या रात्री एकदम भरतो, मुलं सुट्टीचा गृहपाठ करतात तशी. भिडेने दिलेला होकार तुमच्यासाठी वाईट आहेच, पण त्या गोळीची खरी परीक्षा होण्याच्या दृष्टीनेही तो वाईट आहे.

आणि एक अवघड भाग तुमच्या पत्रात आलाच नाही. ट्रायल सुरू होण्याआधी काही दिवस तुमची रोजची सेट्रिझिन थांबवायला सांगतील, जुन्या औषधाचा अंमल उतरावा म्हणून. नऊ वर्षांच्या सवयीनंतरचे ते दिवस सोपे जाणार नाहीत. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एक इशारा दिला आहे. सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन दीर्घकाळ रोज घेऊन अचानक बंद केलं, तर काही जणांना काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटते. हे क्वचित घडतं, पण तुमच्यासारख्या रोज गोळी घेणाऱ्या माणसाला ते आधी माहीत हवं. ‘गोळी कशी थांबवायची, खाज सुटली तर काय, त्रास असह्य झाला तर सुटकेचं औषध कुठलं आणि ते घेतलं तर मी ट्रायलमधून बाद होते का?’ हे विचारून घ्या. शाळेत परीक्षा असतील तर तो आठवडा नकोच. स्कूटी चालवता येईल का हेही विचारा. झोप न आणणारी म्हणवणारी गोळी कुणाला झोप आणेल, हे घेतल्याशिवाय कळत नाही, आणि संध्याकाळी सिंहगड रस्त्याच्या गर्दीत ते कळणं बरं नव्हे. बाळाचा विचार चालू असेल तर तेही आधीच बोला. गर्भार स्त्रियांना अशा ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मला तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात दिसते: तो स्प्रे तीन-चार दिवसांत सोडला.

अँटिहिस्टामाइन गोळ्या शिंका, खाज, गळणारं नाक यांवर चांगल्या, पण चोंदलेल्या नाकावर कमी पडतात. आठवड्यातले चारहून जास्त दिवस आणि सलग चारहून जास्त आठवडे टिकणाऱ्या त्रासात नाकातला स्टेरॉइड स्प्रे सर्वसाधारणपणे गोळीपेक्षा जास्त परिणामकारक ठरतो. पण त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे नियमित मारावा लागतो. चौथ्या दिवशी सोडला, तर तो स्प्रे वापरला असं म्हणताच येत नाही. स्टेरॉइड शब्दाची आपल्याला धास्ती आहे. पण फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारख्या स्प्रेचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि रक्तात त्यातलं अगदी थोडं पोहोचतं. पोटात घ्यायच्या गोळ्यांशी त्याची बरोबरी करू नका. बहुतेकांची पद्धतही चुकते. मान मागे टाकून, नळी सरळ नाकाच्या मधल्या पडद्यावर रोखून मारतात. मग नाकातून रक्त येतं, औषध घशात उतरतं आणि स्प्रेला नावं ठेवली जातात. मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत मारायचं, टोक बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. श्वास हलका. जोरात ओढायचं नाही. नाक चटकन मोकळं करणारे थेंब वेगळे आणि ते आठवडाभराहून जास्त वापरले तर नाक उलट आणखी चोंदतं. दोन्हींची गल्लत करू नका. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

अडचण अशी, की ट्रायलच्या काळात असा स्प्रे बहुधा वापरू देत नाहीत, कारण मग गुण गोळीचा की स्प्रेचा ते कळणार नाही. म्हणजे निवड खरी आहे. माझं मत विचाराल तर, तुमच्या पत्रात मला बरं होऊ पाहणारी बाई दिसली. संशोधनाला हातभार लावायचा आहे असं तुम्ही कुठे म्हटलेलं नाही. तसं असेल तर या खेपेला नाही म्हणा आणि स्प्रे महिनाभर नीट वापरून बघा. ॲलर्जी नेमकी कशाची, हे पाहायला त्वचेवरची चाचणी झाली नसेल तर तीही विचारा.

पण समजा तुम्ही उद्या म्हणालात, ‘नाही हो, मला खरंच यात भाग घ्यायचा आहे’, तर मला मनापासून आनंद होईल. तुम्ही नऊ वर्षं निर्धास्तपणे गिळत आलात ती सेट्रिझिन, कुणीतरी अनोळखी माणसांनी अशाच डायऱ्या भरल्या म्हणून तुमच्यापर्यंत पोहोचली. त्यातल्या कित्येकांच्या वाट्याला नुसतीच गोळी आली असेल. २०२० मध्ये कोव्हिडची लस अजून कुणाला माहीत नव्हती, तेव्हा याच शहरात माणसं दंड पुढे करून बसली होती. हे दान आहे आणि ते द्यायला कुणाच्याही उपकाराची परतफेड हे कारण लागत नाही.

दोन्ही वाटांवर आधी करायची कामं तीच. सोमवार ही त्यांची सोय आहे. विचार करायला वेळ मागा, तो द्यावाच लागतो. ट्रायलचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. ही भारताची ट्रायल नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि ती इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. क्रमांक सांगायला कुणी टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार, ते पान यजमानांना वाचायला द्या. आणि डॉक्टरांसमोर बसलात की भीड न ठेवता एवढं विचारा: ‘डॉक्टर, मी या ट्रायलमध्ये आले नाही, तर माझ्या सर्दीवर तुम्ही काय उपचार कराल?’ त्यांचं उत्तर नीट ऐका. ते लांबलचक आणि नेमकं असेल, तर तुमचे डॉक्टर डॉक्टरांच्याच खुर्चीत बसले आहेत असं समजा.

संमतीपत्राच्या शेवटी एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो सही केलेल्यांसाठीच आहे असं लोकांना वाटतं आणि त्यामुळे तो फारसा वाजत नाही. सही करण्याआधीही तो लावता येतो. सासूबाईंनी स्वतः लावून वारसाच्या रकान्याबद्दल विचारलं, तरी पलीकडच्या माणसाने त्यांना नीट उत्तर द्यायचं असतं.